ज्याचा वेष, त्याच्यासमोर

सन्मती,

तू गेल्याच्या चौथ्या दिवशी तुझी अव्वा तुझा मोबाइल घेऊन माझ्या दुकानात आली. गडहिंग्लजहून एसटीनं एकटीच आली होती. हार घालायला तुझा एक फोटो पाहिजे होता तिला. मोबाइलमध्ये फोटो ढिगानं होते. एकात तू निळ्या केसांची, एका डोळ्यावर पट्टी बांधलेली लढवय्यी. एकात डोक्याला शिंगं. एकात छातीवर लुकलुकणारे दिवे लावलेला यंत्राचा माणूस. अव्वा बोटानं एकेक फोटो सरकवत राहिली आणि मग मोबाइल माझ्यापुढं धरून म्हणाली, "शोभा, माझ्या लेकाचं खरं त्वांड कुठं हाय गं ह्यात?"

मी बराच वेळ शोधलं. शेवटी आधार कार्डावरचा फोटो मोठा करून आणला. त्यात तू इतका भ्यालेला दिसतोस, की अव्वानं तो हातात घेऊन विचारलं, "ह्यो कोण?"

मला तिला सांगायचं होतं, की त्या रंगवलेल्या तोंडांतच तू जास्त होतास. पण मुलगा गेलेल्या बाईला हे कसं सांगायचं? मी चहा ठेवला.

चार वर्षांपूर्वी तू पहिल्यांदा दुकानात आलास तेव्हा तुझ्या हातात लाल सॅटीनचा तागा होता. शिवाजी पेठेत नवीनच खोली घेतली होतीस. फ्लेक्सच्या दुकानात डिझाइन करायचास, वाढदिवसाच्या पोस्टरवर लोकांच्या डोळ्यांवर काळे गॉगल चढवायचास. मी शाळेचे युनिफॉर्म आणि ब्लाउज शिवणारी.

"आक्का, ह्याचा झगा पायजे. मागनं जमिनीवर लोळणारा."

"नाटक हाय व्हय?"

"न्हाय. कॉस्प्ले."

"म्हंजे?"

तू स्टुलावर बसून समजावलंस. आपल्याला आवडणाऱ्या पात्राचा वेष आपण स्वतः घडवायचा, फोमशीट कापून, तापवून, चिकटवून त्याचं चिलखत करायचं, आणि मेळाव्यात दिवसभर त्या पात्रासारखं वागायचं. संवाद नाही, पडदा नाही. पुण्या-मुंबईत असे मेळावे भरतात, शेकडो पोरं येतात. मी माप घ्यायला टेप काढला आणि तू खाली बघत म्हणालास, "छातीला कप लावायचेत." मला हसू आलं. बाईचं पात्र होतं.

"लोक हसतील की रं."

तेव्हा तू जे बोललास ते मी अजून विसरले नाही. "आक्का, तुमी मगापासनं ‘मी शिवतो, मी बघतो, मी येतो’ म्हणताय. ह्या गावातल्या सगळ्या बायका असंच बोलत्यात. कोण हसलंय का आजपतोर?"

खरंच कुणी हसलं नव्हतं. शाळेत बाईंनी शिकवलं म्हणून कागदावर मी ‘येते’ लिहिते. तोंडातून अजून ‘येतो’च निघतं.

झगा तयार झाल्यावर तू तो दुकानातच घालून बघितलास. एरवी तू पाठीत वाकून चालायचास, बोलताना वाक्याचा शेवट गिळायचास. त्या झग्यात तू ताठ उभा राहिलास. आरशासमोर मान वळवलीस आणि आरशातून माझ्याकडं असं बघितलंस, की मी उठून उभी राहिले. हा नुसता छंद होता की त्यापलीकडचं काही, हे तू मला कधी सांगितलं नाहीस. मीही विचारलं नाही. तेव्हा वाटायचं, न विचारण्यातच माया आहे. आता वाटतं, तू वाट बघत होतास की काय.

आपलं पहिलं भांडण माझ्या बाबांवरून झालं. बाबा शहराची गटारं साफ करायचे. कमरेला दोर, हातात बांबूची कामटी, अंगावर फक्त अर्धी चड्डी. त्यांचा तसा एकच फोटो माझ्याकडं होता. तू तो मागितलास, "चित्र काढायला पायजे" म्हणालास, मी दिला. दोन महिन्यांनी तूच मला व्हिडिओ दाखवलास, मोठ्या उत्साहानं. पुण्याच्या मेळाव्यात तू बाबांचा वेष केला होतास. कमरेला सोनेरी रंगवलेला जाड पट्टा, दोराला चमक, कामटीच्या टोकाला दिवा, सगळ्या अंगाला चिखलाचा रंग. गटारातला योद्धा. लोक टाळ्या वाजवत होते. एक मुलगी नाकाला रुमाल लावून तुझ्याबरोबर फोटो काढून घेत होती आणि तू हसत होतास.

मी मशीन थांबवलं. "संध्याकाळी तू त्ये काढून ठिवलंस न्हवं? गरम पाण्यानं आंघोळ केलीस?"

"आक्का..."

"माझ्या बाबाला त्ये काढता येत न्हवतं. साबणाच्या वड्या संपवल्या तरी वास जात न्हवता. आय त्यास्नी बाहेर जेवायला वाढायची."

मग तुझाही आवाज चढला. "मग मी कुणाचा वेष घालू? राजाचा? सरदाराचा? राजाचा घातला तर कोण म्हणत न्हाय, की तू राजा हायस का. चौकाचौकात तलवारी घिऊन पोरं हुबी असत्यात. तुमच्या बापाला एकदा त्या जागी हुबं केलं तर त्ये पाप?"

"तू त्यास्नी हुबं केलं न्हाईस. तू हुबा ऱ्हायलास."

आठ दिवस तू फिरकला नाहीस. नवव्या दिवशी भर दुपारी तोच वेष घालून, पेठेतल्या सगळ्या गल्ल्यांतून चालत तू माझ्या दुकानासमोर आलास. सोनेरी पट्टा नव्हता, दिवा नव्हता. साधा दोर होता. "आता बोला," म्हणालास. मी तुझ्याकडं पाठ केली आणि मशीन चालवत राहिले. युनिफॉर्मच्या एका चड्डीवर मी तीनदा टीप मारली. कितीतरी वेळानं मागं बघितलं तर तू गेला होतास.

नंतर तो वेष तू पुन्हा घातला नाहीस. पण त्या दिवसापासून एक गोष्ट धरून बसलास. ज्याचा वेष घालायचा, त्याच्यासमोर तो घालून उभं राहता आलं पाहिजे; नाही राहता आलं तर घालायचा नाही. मी म्हटलं, "आणि त्यो माणूस मेलेला असंल तर?" तू म्हणालास, "तर त्येच्या पोरीसमोर." राजाचं तू विचारलेलं मात्र तसंच राहिलं. मी त्याचं उत्तर दिलं नाही, आजही माझ्यापाशी नाही. मला राग कशाचा आला होता, तू बाबांना मोठं केलंस त्याचा, की टाळ्या त्यांना न मिळता तुला मिळाल्या त्याचा? खरं सांगायचं तर मला कळत नाही.

गेल्या वर्षीच्या गणपतीला विलासदादा आले. आमच्या गल्लीतल्या मंडळाचे अध्यक्ष. त्यांच्याबद्दल तू कडवट बोलायचास तेव्हा मी तुला थांबवायची, कारण बाबा गेले तेव्हा गल्लीतल्या कितीतरी दारांच्या कड्या आतून लागल्या होत्या आणि पहिला खांदा विलासदादांनी दिला होता. सजीव देखावा होता. गोष्ट अशी, की एका गावात एक माणूस येतो, गोड बोलतो, घरात शिरतो आणि घरं फोडतो. शेवटी गाव जागं होतं. त्या माणसाचं काम तुला. तुझ्यासारखा रंगवणारा नि तुझ्यासारखा उभा राहणारा पेठेत दुसरा नव्हता. आणि कपडे माझ्याकडं.

"पांढरा कुडता, घोट्याच्या वर पायजमा, जाळीची टोपी," विलासदादा म्हणाले. "दाढी सन्मती लावंल. मिशी नको."

"दादा, गोष्टीत कुठं लिवलंय, त्यो कोण हाय त्ये?"

"लिवायचं न्हायच. लोकास्नी बघितल्या बघितल्या कळाय पायजे."

माझ्या दुकानाच्या कोपऱ्यात हमीदचाचा बसतात, काज-बटणाचं मशीन घेऊन. बाबा हयात होते तेव्हापासून. त्या वेळीही बसले होते, एका ब्लाउजला हूक लावत होते. त्यांच्या अंगात पांढरा कुडता होता आणि डोक्यावर जाळीची टोपी. विलासदादांनी जाताना त्यांना विचारलं, "काय चाचा, बरं हाय न्हवं?" चाचा म्हणाले, "बरं हाय की."

मी कापड कापलं. तुला वाटलं होतं, मी नाही म्हणेन. तू तसं बोललास पण. "बाबांच्या वेळी मला एवढं बोललासा आणि ह्ये शिवताय?" मी म्हटलं, माझा धंदा आहे, मी काही घालत नाही, शिवते फक्त. तू म्हणालास, "मी पण घालतो फक्त." दोघंही तेव्हा तेवढ्यावर थांबलो. दोघांनाही पेठेत राहायचं होतं.

देखाव्याच्या आदल्या दिवशी सकाळी तू माप बघायला आलास. कुडता घातलास, दाढी चिकटवलीस, टोपी चढवलीस. आणि मग तुझ्या त्या हट्टाप्रमाणं वळून चाचांसमोर जाऊन उभा राहिलास. चाचांनी चष्मा वर केला. तुझ्याकडं खालपासून वरपर्यंत बघितलं. मग हळूच उठले, तुझ्या गळ्याचं ढिलं बटण हातात धरून सुईदोरा घातला, चार टाके मारले, दातानं दोरा तोडला. तुझ्या टोपीला हात लावून ती जरा सरकवली.

"टोपी थोडी मागं घालत्यात," एवढंच म्हणाले आणि परत मशीनवर बसले.

तू तिथंच उभा राहिलास. मला तुझं तोंड दाढीमुळं नीट दिसत नव्हतं. कपडे बदललेस, घडी घातलीस, आणि दुकानाच्या पायरीवर मला बोलावून हळू आवाजात म्हणालास, "आक्का, उद्या मी ही टोपी स्टेजवर काढणार."

"येड लागलंय काय? मारतील तुला."

"मारू द्यात."

"काढायचीच तर आत्ता जाऊन न्हाय म्हण की. दुसरा कोणतरी करंल."

"तेच की. दुसरा कोणतरी करंल."

मी खूप समजावलं. तुझ्या अव्वाचं नाव काढलं. तू ऐकलं नाहीस, आणि मीही कुणाला सांगितलं नाही. तुला थांबवायला विलासदादांना सांगावं असं मनात आलं होतं, ते आज कबूल करते. सांगितलं नाही, पण तुझ्या बाजूनंही उभी राहिले नाही. मी मधल्या मधे राहिले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आरतीनंतर पहिला प्रयोग होता. मांडवासमोर बायका, पोरं, म्हातारी माणसं खच्चून बसली होती. मी डाव्या खांबाला टेकून उभी होते. आवाज सगळा आधी रेकॉर्ड केलेला, तुम्ही फक्त हालचाली करायच्या. तू आलास. पहिली दोन वाक्यं तू नीट केलीस, आणि खरं सांगते, भीती वाटावी इतकी नीट. शेजारची एक बाई "मुडदा बशिवला ह्येचा" म्हणाली. मग तू मधोमध थांबलास. टोपी काढलीस, घडी केलीस. दाढी ओढून काढलीस, गालावर डिंकाचे लाल पट्टे उठले. कुडता काढून बनियनवर उभा राहिलास आणि तिथली एक खुर्ची ओढून लोकांकडं तोंड करून बसलास.

रेकॉर्ड चालूच होतं. त्या माणसाचं ते मोठं हसणं स्पीकरमधून यायला लागलं. त्या हसण्याला तोंडच उरलं नव्हतं. पहिल्या रांगेतली पोरं मागं वळून बघायला लागली, की कोण हसतंय.

पुढं काय झालं ते आपल्या दोघांना माहीत आहे. वायर ओढली गेली, चार-पाच जण स्टेजवर चढले. तुझा ओठ फाटला, डाव्या हाताचं बोट मोडलं. मी खांबापासून हलले नाही. मग गर्दीतून वाट काढत दुकानात आले, दार ओढून आत बसले.

थोड्या वेळानं विलासदादा आले. दारावर थाप मारली. "शोभाक्का, तुमास्नी म्हायीत होतं काय?"

"न्हाय," मी म्हटलं. "मला कायबी म्हायीत न्हवतं."

हे तुला सांगायचं राहून गेलं. वर्षभर राहून गेलं. तू खोली सोडून गडमुडशिंगीला मित्राकडं राहायला गेलास, फ्लेक्सचं काम सुटलं, घरी बसून लांबच्या लोकांची चिलखतं बनवायला लागलास. मला भेटायला यायचास, पण पेठेत नाही, स्टँडवरच्या हॉटेलात. आपण फोमचे, गोंदाचे, अव्वाच्या गुडघ्याचे विषय बोलायचो. तुझं ते बोट सरळ होत नव्हतं. कप धरताना ते बाहेर राहायचं आणि मी दुसरीकडं बघायची.

चाचांचंही तुला अर्धंच सांगितलं. तू विचारायचास, चाचा काय म्हणाले? मी सांगायची, काही नाही. ते म्हणाले होते. दुसऱ्याच दिवशी म्हणाले होते, "चांगलं पोरगं. पर त्येनं कशाला अंगावर घ्यायचं? देखावा दहा दिसांचा. मला वर्सभर ह्या गल्लीत बसायचंय." त्यानंतर काही महिने त्यांना बघितलं की लोक बोलता बोलता थांबायचे. त्यांनी काही केलं नव्हतं, तरी तुझं त्यांच्या अंगावर आलं. हे ऐकून तू मोडला असतास. की वाद घातला असतास? घातला असतास. म्हणाला असतास, मग गप्प बसायचं का? आणि मी म्हटलं असतं, चाचांना आधी विचारायचं. त्यांच्यासमोर तू उभा राहिलास, पण त्यांना विचारलं नाहीस, सन्मती. बाबांचा फोटो नेलास तेव्हा मलाही खरं सांगून विचारलं नव्हतंस. एवढं मला तुझ्याशी भांडायचं होतं. आणि हेही सांगायचं होतं, की विचारून झाल्यावरसुद्धा मी खांबाला टेकूनच उभी राहिले असते, आणि तू मात्र खुर्चीत बसला असतास.

मग तो ताप आला. सहा दिवसांत डेंग्यूनं तुला नेलं. पाचव्या दिवशी मी दवाखान्यात भेटले तेव्हा तू सलाईनच्या हातानं खूण करून उशी वर करायला सांगितलीस. मी बोलायला तोंड उघडलं होतं, तेवढ्यात अव्वा आत आली. सहाव्या दिवशी उशीर झाला.

काल विलासदादा दुकानात आले. गणपती महिन्यावर आलेत. हातात कापडाची पिशवी होती. तुझं नाव काढलं नाही, नुसतं म्हणाले, "वाईट झालं. वय काय हुतं त्येचं." मग पिशवी टेबलावर ठेवली. चाचा कोपऱ्यात होते. का कुणास ठाऊक, त्यांच्यादेखतच मी बोलले.

"दादा, गेल्या वर्षी मी तुमच्याशी खोटं बोललो. मला म्हायीत होतं. आदल्या दिशी त्येनं मला सांगितलं होतं."

विलासदादा स्टुलावर बसले. बराच वेळ कापडाच्या पिशवीची गाठ चाळवत राहिले.

"आक्का, त्या रात्री मी तुमच्याकडं यायच्या आदी त्यो मांडवात परत आलता."

"कोण?"

"सन्मती. रगत येत हुतं तोंडातनं. पोरं परत अंगावर जाणार हुती, मी अडवली. म्हणला, ‘शोभाक्काला ह्यातलं कायबी म्हायीत न्हाय. तिला मी फसवून शिवून घेतलंय. तिच्या दुकानाला हात लावायचा न्हाय.’ मग मी तुमच्याकडं आलो. तुमी बी त्येच सांगितलासा. मला वाटलं, खरंच असंल."

चाचांचं मशीन थांबलं होतं.

मी विलासदादांना म्हटलं, औंदाची गोष्ट आधी इथं बसून सगळी वाचून दाखवा. चाचा पण ऐकतील. मग कापड ठेवा. ते रागावले नाहीत, हसलेही नाहीत. पिशवी काखेत मारली आणि "बघतो" म्हणून गेले. आज दिवसभर आले नाहीत. येतील की दुसऱ्या शिंप्याकडं जातील, सांगता येत नाही. रस्त्यापलीकडं दोन दुकानं आहेत.

कालपासून माझ्या डोक्यात एकच चाललंय. मी दार लावून आत बसले होते तेव्हा तू फाटलेला ओठ घेऊन त्या माणसांत परत गेलास. माझ्या मायेनं गेलास, एवढं असतं तर मी रडून मोकळी झाले असते. पण तू नेमकं तेच बोललास, जे थोड्या वेळानं मी बोलणार होते. म्हणजे तुला ठाऊक होतं. मी नाकारणार हे तुला माझ्याआधी कळलं होतं, आणि माझं खोटं खोटं पडू नये म्हणून तू आधीच जाऊन ते खरं करून ठेवलंस. आणि नंतर वर्षभर स्टँडवरच्या हॉटेलात माझ्यासमोर बसून त्यातलं एक अक्षर बोलला नाहीस.